मामाचं गप्प कॅबिनेट

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या सख्ख्या मामाबरोबर घडलेली. मामा दातांचा डॉक्टर आहे आणि खोटं बोलणं त्याला जमतच नाही. दुखणार असेल तर सरळ "दुखणार" म्हणतो. म्हणून तर त्याच्या दवाखान्यात गर्दी नसते.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधीच ऐकून ठेवा... हे घडलं रविवारी, भर दुपारी. तिसऱ्या मजल्यावरच्या मामाच्या हॉलमध्ये, सगळे सोफ्यावर मांडी घालून बसलेले असताना.

सुरुवात झाली मामाच्या साडूपासून.

म्हणजे मामीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आवाज असा, की नुसतं "हॅलो" म्हणाला तरी कपाटाच्या काचा थरथरतात. पाठीमागे सगळे त्याला वूफर म्हणतात. या वूफरने घरी टीव्हीखाली एक कॉम्प्युटर बसवला. सगळे सिनेमे त्यात, मोठाले स्पीकर त्याला जोडलेले. आणि त्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा... चपटा, काळा, पुढे एकच गोल चकचकीत बटण. बघणाऱ्याने आपोआप चपला बाहेर काढाव्यात असा थाट.

दर रविवारी सगळं खानदान तिकडे सिनेमाला.

मामाला सिनेमाचं काही नव्हतं. मामाला खुपायचं ते मामीचं हसणं.

वूफरच्या हॉलमध्ये मामी हसायची. साधंसुधं नाही. मांडीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी काढत, आणि शेवटी नाकातून एक 'खुर्र'. लग्नानंतर सुरुवातीला तो 'खुर्र' मामाने स्वतःच्या घरात ऐकला होता. मग तो बहुतेक बहिणीकडे राहायला गेला.

"आपणही बसवू," एका रविवारी घरी येताना मामा म्हणाला.

"काय?"

"कॉम्प्युटर. टीव्हीखाली. त्यांच्यापेक्षा भारी."

"दवाखान्यातली खुर्ची वर जात नाही, ती आधी बघा," मामी म्हणाली.

आतले सगळे भाग मामाने एका फेरीत घेतले. घोडं अडलं ते कॅबिनेटपाशी.

पहिलं आणलं ते उभं. टीव्ही युनिटच्या खणात जाईना. दुसरं आडवं. खणात असं बसलं, जणू तिथेच जन्मलं. मामा खूश! मग लक्षात आलं, मागून वायरी काढायला बोटभर जागा नाही. मामाने दवाखान्यातलं ड्रिल घरी आणलं. युनिटच्या पाठीला टेकवलं आणि सवयीने म्हणाला, "दुखलं तर हात वर करा." भोक पडलं. ते थेट भिंतीतल्या वायरीपर्यंत पडलं. सगळ्या मजल्याचे दिवे गेले.

तिसरं कॅबिनेट बुटकं. त्यात मोठा पंखा मावेना, म्हणून छोटा बसवला. तो जीव तोडून फिरायला लागला.

घूंऽऽऽ.

वूफर मुद्दाम बघायला आला. क्षणभर ऐकलं आणि म्हणाला, "वा साडूभाऊ! सिनेमाला बोलावलंत की दाढ काढायला?"

आणि मामी हसली. मांडीवर थाप मारून. 'खुर्र'सकट.

इतक्या वर्षांनी तो आवाज मामाच्या घरात आला... आणि आला तो वूफरच्या विनोदावर.

मामा त्या दिवशी जेवला नाही.

आता त्याला एकच हवं होतं. असं कॅबिनेट, की मशीन चालू आहे हेसुद्धा कळू नये. त्यापुढे वूफरने बसावं, मामीने हसावं, आणि वूफरने स्वतःच्या तोंडाने "मानलं" म्हणावं. बस्स.

जुन्या सामानाच्या एका दुकानात ते सापडलं. राखाडी, रुंद, दोन हातांनी उचलावं इतकं जड. आतून सगळीकडे जाड, मऊ फोम. मामाने आत तोंड घालून "हॅलो" म्हटलं.

आवाज त्याला स्वतःलाही आला नाही.

"हे घेताय?" दुकानदाराने जांभई आवरली. "बघा हं. सारखं परत येतं."

"का?"

"लोक म्हणतात, आवाज येत नाही."

मामा इतका हसला की दुकानदार दचकला. शांत कॅबिनेट हवं म्हणून न्यायचं आणि आवाज येत नाही म्हणून परत करायचं! काय एकेक गिऱ्हाइकं असतात!

बसवलं. मशीन चालू केलं.

काही नाही. पंखा फिरत होता, पण घूं नाही, घर्र नाही. सिनेमाचा आवाज मात्र स्पीकरमधून खणखणीत.

मग मामाच्या लक्षात आलं... भिंतीवरचं घड्याळ.

काटा पुढे सरकत होता. टिकटिक नव्हती.

दुसऱ्या दिवशी हातातला चमचा फरशीवर पडला. पडला, उडाला, सोफ्याखाली गेला... आणि आवाजच नाही. मामी दारात उभी राहून ओठ हलवत होती. मामाने मशीन बंद केलं तेव्हा वाक्याचं शेपूट ऐकू आलं.

"...कधीची हाका मारतेय!"

"ऐकू नाही आलं गं."

"त्यात नवीन काय?" मामी म्हणाली.

मामाने विचार केला, फोम चांगला आहे. माणसाला एकदा आग लागली की त्याला दुसरा धूर दिसत नाही. त्याने रविवारी सगळ्यांना बोलावलं.

मेव्हणी आली. वूफर आला, पुढची जागा धरून बसला. मामाने पडदे ओढले. मुद्दाम विनोदी सिनेमा लावला.

थोड्या वेळाने पडद्यावरचा माणूस पायघडीला अडकून सरळ केकवर पडला.

मामाने मामीकडे पाहिलं.

मामी हसत होती. मान मागे, मांडीवर थापा, डोळ्यांत पाणी. मेव्हणी हसत होती. वूफरचं पोट गदगदत होतं.

आणि हॉलमध्ये... कोणाच्याही हसण्याचा आवाज नव्हता.

सिनेमा ओरडत होता. माणसं मुकी.

मामाला आयुष्यभर उघड्या तोंडांचीच सवय. बोळा भरलेली, उत्तर न देणारी तोंडं. पण ही तोंडं पाहून तो सोफ्यावरून अर्धवट उठला.

तेवढ्यात वूफर वळला. मामाच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत डोळे घालून काहीतरी बोलला. चांगलं लांबलचक. मनापासून. मामाला फक्त त्याची डावी दाढ दिसली, तीत स्वतःच भरलेलं सिमेंट दिसलं.

शब्द एकही नाही.

"काय?" मामा ओरडला. तेही त्याला ऐकू आलं नाही.

त्याने धावत जाऊन मशीनची पिन उपटली.

"अहो, बंद काय केलंत?" मामी म्हणाली. "मजा येत होती!"

"भाऊ, आत्ता काय म्हणालात?"

"कोण, मी?" वूफरने डोकं खाजवलं. "काहीतरी चांगलंच म्हणालो बुवा."

"काय पण?"

वूफर विचारात पडला. मेव्हणीने मामीकडे पाहिलं. मामीच्या कपाळाला आठी पडली.

"किती छान म्हणाले हो... सगळ्यांनी ऐकलं की... थांबा... काय बरं..."

कोणालाच आठवेना.

पाहुणे गेल्यावर मामा त्या कॅबिनेटपुढे गुडघे टेकून बसला. पिन काढलेली होती. पत्रा गार. त्याने वर कान टेकवला.

आधी काही नाही.

मग खूप आतून... शेजारच्या फ्लॅटमध्ये मैफल भरावी तसं... हसणं.

मेव्हणीचं. वूफरचं. आणि त्यात मामीचं, शेवटच्या 'खुर्र'सकट.

मग वूफरचा तो भरदार आवाज. "मानलं बुवा तुम्हाला! असा हॉल, असा आवाज, असा यजमान मी पाहिला नाही."

मामाचा ऊर भरून आला. हेच! हेच ते!

आणि कोणीतरी उत्तर दिलं.

पुरुषाचा आवाज. शांत, गोड, अगदी घरच्यासारखा. मामाने तो कधीच ऐकला नव्हता.

"छे हो. सगळं तुमचंच आहे. बसा ना."

मामा उडून मागे पडला.

मग त्याने पत्रा उघडला, फोम उचकटला. आत कॉम्प्युटर होता. बाकी काही नाही.

या गोष्टीला बरेच दिवस झाले. वूफर अजून बोलतो, पण काचा थरथरत नाहीत. मामी अजून हसते, पण 'खुर्र' येत नाही. हसता हसता मध्येच थांबते, काहीतरी विसरल्यासारखी.

मी मामाला म्हटलं, "देऊन टाक की परत दुकानात."

"आणि तिचं हसणं?" तो म्हणाला. "तेही देऊ?"

मशीन तो कधीच चालू करत नाही. पण दवाखान्यातून आला की कपडेही न बदलता तिथे जाऊन बसतो. कान टेकवतो. त्याला तिचं हसणं ऐकायचं असतं. आणि दुसऱ्याच्या मैफलीत ती इतकी खूश आहे हे ऐकून त्याचा जीव जळतो, तरी उठवत नाही.

परवा मी गेलो तेव्हा तो तसाच बसला होता. चेहरा पांढरा. मामी स्वयंपाकघरात होती, पातेलं घासत होती, मला दिसत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

मामा कुजबुजला. "आत्ता आत त्या माणसाने तिला विचारलं, 'तुमचे मिस्टर नाही आले?'"

"मग?"

"ती हसली. पोटभर. आणि म्हणाली...

'कोण मिस्टर?'"