अर्धा वाटा

तपकिरी नाड्या संपल्या होत्या, म्हणून तेल्मूने पिवळ्या घेतल्या. ग्रासा टेकडीच्या चढावरच्या म्हाताऱ्या चांभाराने डाव्या बुटाच्या टाचेला लोखंडाची एक चंद्रकोर ठोकली, नाड्या ओवल्या आणि बूट पुढे केले.

"जंगलात हरवलास तर निदान नाडीवरून ओळखतील."

"सिंहाचंच पोट बिघडेल, काका," तेल्मू म्हणाला. "वीस वर्षं सार्डिन मासळीच्या धुरात मुरलोय मी."

त्याची बायको लिदिया हसली. माफाल्दाही हसली, बऱ्याच दिवसांनी. तिघं लिस्बनच्या त्या एकाच टेकडीवर वाढलेली, एकाच शाळेतली. माफाल्दाची आई त्या हिवाळ्यात गेली, तेव्हा आपल्या खाणावळीतल्या कागदी टेबलपोसावर आफ्रिकेचा नकाशा काढून तेल्मूनेच हा बेत आखला होता. "त्या शिवणाच्या डब्याशी बोलत बसू नकोस," तो म्हणाला होता. "त्यापेक्षा हत्तींशी बोल. ते उत्तर तरी देतात."

डब्यात मेणाचा एक गोळा होता. आई शिंपीण होती. सुईत ओवण्यापूर्वी प्रत्येक दोरा ती त्या मेणावरून ओढून घेई. चाळीस वर्षांत गोळ्यावर केसाएवढ्या बारीक खाचा पडल्या होत्या. माफाल्दा समुद्रतळाचे नकाशे करणाऱ्या कचेरीत होती. मोजल्यावाचून आकडा लिहायचा नाही, हा तिचा धर्म. त्या खाचांची खोली मात्र तिला मोजता आली नव्हती.

सप्टेंबरात ती तिघं मोझांबिकच्या उत्तरेला, लुजेंदा नदीकाठच्या तंबूंत होती. तीन दिवस हत्ती पाहून झाले, वाळूत उमटलेले सिंहाचे पंजे पाहून झाले. चौथ्या सकाळी वाटाड्या अमीस त्यांना मध काढायला घेऊन गेला.

अमीस याओ जमातीचा, साठीचा, काटकुळा. खांद्यावर कुऱ्हाड, कमरेला वाळक्या पानांची मोळी. पोर्तुगीज तो त्यांच्याहून सावकाश आणि त्यांच्याहून नीट बोले. एका उघड्या माळावर थांबून त्याने ओठ थरथरवले आणि घशातून हुंकार दिला. ब्र्र्र... हम्. पुन्हा. पुन्हा. पाऊण तासाने वरून उत्तर आलं. अर्धी रिकामी काडेपेटी कोणी कानाशी हलवावी, तसं.

"सेगो," अमीस हळूच म्हणाला.

चिमणीहून जरा मोठं, मातकट पाखरू. ते फांदीवरून फांदीवर जाई, थांबे, माणसं खाली येऊन पोहोचली की पुढे सरके.

"तो पोळं दाखवतो, आपण फोडतो," अमीस म्हणाला. "मध आपला, मेण त्याचं. आमच्या आजोबांच्या आजोबांनी ठरवलेलं."

"आणि नाही दिलं तर?" तेल्मूने विचारलं.

"तर पुढल्या वेळी तो दुसरं काही दाखवतो."

"सिंह?"

"कधी सिंह. कधी नाग." अमीसने कुऱ्हाड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "कधी ज्याच्या त्याच्यापुरतं काही."

मध निघाला, काळसर, धुराच्या चवीचा. निघताना अमीसने झाडाखाली हिरवी पानं अंथरली आणि त्यावर तळहाताएवढं पांढरंशुभ्र मेण ठेवलं.

"आता मागे वळून पाहायचं नाही. खाताना तो लाजतो."

रांगेत माफाल्दा शेवटची होती. दहा पावलांवर तिला त्या मेणाचा वास पुन्हा आला: आईच्या बोटांचा, दुपारच्या खिडकीचा. ती वळली, परत गेली आणि चाकूने मेणाचे बरोबर दोन भाग केले. एक रुमालात बांधून खिशात घातला. दुसरा पानावर तसाच ठेवला. चोरी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. अर्धं तर तिने ठेवलंच होतं.

दुसऱ्या सकाळी न्याहारीच्या वेळी ऊन माफाल्दाच्या डोळ्यांवर येत होतं. तेल्मूने तिला उठवून आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या खुर्चीत बसला. तेवढ्यात त्याच्या डोक्यावरच्या तंबूच्या खांबावर काडेपेटी वाजली.

"बघा! माझ्यावर जीव जडलाय त्याचा."

"रात्री घोरतोस ते सांग त्याला," लिदिया म्हणाली. "लगेच उडून जाईल."

पाखरू उडालं नाही. अमीस चुलीकडून येत होता, तो वाटेतच थांबला.

"मी बोलावलेलं नाही त्याला," तो म्हणाला. मग कोणाकडेच न पाहता त्याने विचारलं, "काल पानावरून कोणी काही उचललं का?"

"मी नाही बाई," लिदिया म्हणाली.

"मी पोटभर मध खाल्लाय, काका. मेण दाताला चिकटतं."

"सगळं उचललं तर तो रागावतो आणि निघून जातो," अमीस म्हणाला. "अर्धं उचललं तर जिभेला चव लागते आणि पोट रिकामं राहतं. ते वाईट. घेतलं असेल तर आत्ता द्या. मी रागावणार नाही."

माफाल्दाचा हात खिशात होता. रुमाल उबेने मऊ झाला होता. त्रेचाळीस वर्षांची बाई, एका चिमणीएवढ्या जिवासाठी सगळ्यांसमोर खिसा उलटा करणार? लिदिया तिच्याकडेच पाहत होती.

"नाही, अमीसकाका," ती म्हणाली. न मोजलेला आकडा तिने आयुष्यात पहिल्यांदा लिहिला.

पाखरू नदीच्या बाजूला उडालं, बसलं, पुन्हा वाजलं. तेल्मू उठला.

"आज जायचं नाही, साहेब."

"पाचच मिनिटं, काका. एवढं आग्रहाचं आमंत्रण मला सासऱ्यानेसुद्धा कधी दिलं नाही."

तो चालू लागला. अमीसने कुऱ्हाड उचलली, रायफलवाल्या रक्षकाला हाक मारली, आणि दोघी त्यांच्या मागून निघाल्या. पाच मिनिटांची चाळीस झाली. काल या रानात कितीतरी पक्षी बोलत होते. आज पावलांखालची पानंही जपून मोडत होती. अमीस पुढे झाला की पाखरू थांबे. तेल्मू खाली आला की ते पुढे सरके.

शेवटी ते एका गोरखचिंचेवर बसलं आणि गप्प झालं.

बुंध्यात छातीएवढ्या उंचीवर ढोली होती. आत गुणगुण नव्हती. अमीसने धूर केला, वाट पाहिली, हात आत घातला. हात आतच राहिला. मग त्याने तो सावकाश बाहेर काढला.

बूट होता. डावा. कातडं उन्हापावसाने आक्रसून शिंपल्यासारखं झालेलं, तळवा फाटलेला. आत घोट्यापर्यंत पोळं बांधलेलं. रिकामं, राखी, कितीतरी वर्षांपूर्वीचं. नाडीचा रंग उडाला होता, पण गाठीच्या आत तो शाबूत होता. पिवळा.

तेल्मूने स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं. बूट पायात होता.

"कोणीतरी... असे बूट काय, कोणीही घेतं," तो म्हणाला.

लिदियाने ढोलीतला बूट उलटा केला. टाचेला गंजलेली चंद्रकोर होती.

अमीसने तो तिच्या हातून घेऊन होता तसा आत ठेवला आणि ढोलीच्या तोंडाशी पानं कोंबली.

"चला. मागे पाहू नका. कोणीही."

चालता चालता तेल्मूने मागे पाहिलं. माफाल्दाने ते पाहिलं.

ती रेंगाळली. रक्षकाची पाठ झाडाआड गेली तशी तिने हिरवी पानं ओरबाडली, जमिनीवर पसरली, रुमाल सोडला. मेणाला तिच्या मांडीचा आकार आला होता. "घे," ती म्हणाली. आवाज स्वतःचा वाटला नाही. "मी घेतलं होतं. त्याने नाही. घे ना."

पाखरू खाली उतरलं. मान कलती करून त्याने मेणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चोचही लावली नाही.

मग ते उडालं, तेल्मू गेला होता त्या बाजूला.

लिस्बनला परतल्यावर तीन आठवडे काही झालं नाही. खाणावळ चालू होती, गिऱ्हाइकांची थट्टा चालू होती. फक्त बोलता बोलता तेल्मू मध्येच थांबे, मान कलती करी आणि वाक्य विसरून जाई. रविवारी खाणावळ बंद असे; तो वार सोडून माफाल्दा रोज संध्याकाळी जाऊन त्याच्या पायांकडे पाहून येई. रोज सांगायचं ठरवी. रोज तो तिच्यापुढे सूप ठेवी, आणि ती ते पिऊन घरी परते.

एका सोमवारी सकाळी लिदियाचा फोन आला. तेल्मू आदल्या सकाळी घरातून गेला होता.

माफाल्दा पोहोचली तेव्हा दारातच एक बूट होता. उजवा.

"'ती काडेपेटी कोण वाजवतंय,' म्हणाला," लिदिया सांगत होती. ती रडत नव्हती. एप्रनचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "मी म्हटलं, कोणी नाही. तर म्हणाला, पाव घेऊन येतो. एकच बूट घालून गेला, माफाल्दा. मी खिडकीतून ओरडले. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. झाडांकडे पाहत चालला होता. पोलीस शोधतायत."

"लिदिया, ते मेण मी घेतलं होतं."

"माहीत आहे मला. रुमालाला वास येत होता तुझ्या."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले." लिदियाने एप्रन सोडला. "आपण चाळीस वर्षांच्या मैत्रिणी ना."

माफाल्दाने पिशवीतून आईचा मेणाचा गोळा काढला. हे तिने येतानाच ठरवलं होतं. बाल्कनीतल्या लिंबाची पानं तोडून तिने कठड्यावर अंथरली आणि गोळा त्यावर ठेवला, अख्खा. मग ओठ थरथरवले. ब्र्र्र... हम्. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थबकली. खालून ट्रामची घंटा गेली. ब्र्र्र... हम्.

खूप वेळाने, नदीकडच्या छपरांवरून, काडेपेटी वाजली.

"आत ये," माफाल्दा म्हणाली. "पाहायचं नाही."

दोघी स्वयंपाकघरात बाल्कनीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. लिदियाने सवयीने कॉफी ठेवली होती. पाणी तापू लागलं. मागे पंखांचा आवाज झाला नाही. लिदियाने माफाल्दाचा हात धरला आणि इतका दाबला की बोटं पांढरी पडली. कॉफी वर आली, उतू गेली, ज्योत चरचरली.

त्या वळल्या.

पानांवर गोळा अर्धाच उरला होता. चोचीच्या खुणा नव्हत्या. चाकूने करावेत तसे बरोबर दोन भाग, आईच्या खाचा मधोमध चिरलेल्या. शेजारी पिवळी नाडी होती, मधाने चिकट झालेली. तीही अर्धीच.

लिदियाने ती उचलली आणि मुठीत धरली.

"अजून गरम आहे," ती म्हणाली.