शून्य युनिटांची शीतपेटी

“मीटरचा काय दोष? आता मीटरला काय चष्मा लावू?” वायरमन मुल्लाभाई शीतपेटीच्या पाठीमागे डोकं खुपसून पुटपुटत होते. शेजारी बॅटरी धरून उकिडव्या बसलेल्या यमुनाताईंच्या कानात ते थेट उतरत होतं. “तिसरं मीटर बसवलं. तिन्ही एकच सांगतायत. पेटी वीज खात नाही म्हणजे नाही.”

“अगदीच नाही?”

“दिवा जळतो आणि तिचं डोकं चालतं, तेवढी. संन्यास घेतलाय तिनं. गेल्या तीन आठवड्यांपासून.”

यमुनाताईंनी बॅटरी बंद केली. दहा वाजले होते. साडेदहाला वीज मंडळाच्या ऊर्जा-परीक्षक येणार होत्या.

साताऱ्याच्या शीतन संशोधन केंद्राच्या व्हरांड्यात उभी असलेली ही पेटी म्हणजे यमुनाताईंची चार वर्षांची मेहनत. ओळखपत्र टेकवलं की ताक, कोकम, पन्हं, हवं ते बाहेर येई. ताईंकडे पदवी नव्हती. कराडात वीस वर्षं त्यांनी फ्रीज दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. त्यांनी दुरुस्त केलेले फ्रीज नव्यापेक्षा कमी वीज खातात, हे केंद्राचे संचालक डॉ. आठल्ये यांच्या कानावर गेलं आणि ते स्वतः स्कूटरवरून दुकानात येऊन थडकले. आज पेटी पास झाली तर अशा अकरा हजार पेट्या राज्यभरच्या बसस्थानकांवर लागणार होत्या. नापास झाली तर प्रकल्प बंद आणि ताई घरी. दुकानात परतायची सोयही उरली नव्हती. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळत.

परीक्षक शर्वाणी थोरबोले चढ चढून आल्या त्या घामाघूम होऊनच. वय तिशीच्या आत, पाठीला बॅग, हातात वही. आठल्ये सरांनी त्यांचं स्वागत केलं आणि लगेच मुद्द्यावर आले. सरांना गारव्याबद्दल बोलायला कुणी लागत नसे. ऐकायला मात्र लागे.

“साधी पेटी तीनशे बाटल्या रात्रंदिवस चार अंशांवर धरून बसते,” सर म्हणाले. “त्यातल्या चाळीस खपतात. उरलेल्या दोनशे साठ कुणासाठी गार करायच्या? वर काचेच्या दारातून उष्णता आत झिरपतेच, ती पुन्हा उपसायची. आमच्या पेटीत सगळ्या बाटल्या खोलीच्याच तापमानाला असतात. तुम्ही मागितलीत की तेवढी एकच बाटली पन्नास सेकंदांत गार होते. आम्ही याला क्षणशीतन म्हणतो.”

“यात बरीच बचत होईल, पण वापर शून्य नाही होणार,” शर्वाणीबाई वहीतले आकडे बघत म्हणाल्या. “तुमची पेटी चालू तरी आहे का?”

“तुम्हीच बघा,” यमुनाताई म्हणाल्या.

पाहुण्यांचं कार्ड टेकवून शर्वाणीबाईंनी कोकम मागितलं. पेटी घुमली. मीटरचा आकडा टुणकन वर गेला. पन्नासाव्या सेकंदाला बाटली बाहेर आली, अंगावर दव घेऊन. बाईंनी ती उभ्या उभ्या संपवली.

“वा! झकास गार!”

मुल्लाभाईंनी मीटरकडे बघून हात जोडले. यमुनाताई मात्र आणखीनच धास्तावल्या. पेटी ठणठणीत, मीटर ठणठणीत. मग आता एकच गोष्ट उरत होती.

“पेटी जाणती आहे,” त्यांनी सावकाश सुरुवात केली. “किती गार हवं, ते ती माणसागणिक शिकते. प्रत्येक झाकणात सेन्सरचा एक कण बसवलाय. झाकण कधी उघडलं ते तो पेटीला कळवतो. तुमच्यासारखं कुणी लगेच उघडलं, तर गारवा बरोबर होता. कुणी बाटली घेऊन थांबून राहिलं, तर त्याला ती जास्त गार वाटली. पुढच्या वेळी पेटी दोन अंश कमी गार करते. नाहक केलेला गारवा म्हणजे वाया गेलेली वीज.”

“आणि तरीही थांबला तर?”

“आणखी दोन अंश.”

“मग शिकवणीची नोंद दाखवा ना.”

ती नोंद यमुनाताईंनी तीन आठवडे मुद्दाम उघडली नव्हती. स्वतःचा आकडा त्यांना ठाऊक होता. पण या इमारतीत आपण एकट्याच तशा, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी पडद्यावर यादी आणली. नावं नव्हती, ओळखपत्रांचे क्रमांक होते. पहिल्या दिवसाचा थांबण्याचा वेळ: सात क्रमांक, सव्वीस मिनिटं. ते सात म्हणजे त्या. बारा क्रमांक, तेहतीस. मुल्लाभाईंनी स्क्रूड्रायव्हर निरखायला घेतला. पुढे एकोणीस मिनिटं, चोवीस, तीस… सगळ्या बावीस जणांचं तेच. आणि सर्वांत मोठा आकडा क्रमांक एकचा: एक्केचाळीस मिनिटं.

क्रमांक एक कुणाचा, हे केंद्रात शिपायालाही माहीत होतं. त्यामुळे सगळे एकदम बाहेर रस्त्याकडे बघू लागले.

तेवढ्यात अकरा वाजले. रोज अकराला सगळ्यांनी व्हरांड्यात जमायचं, पेटीतून बाटली घ्यायची आणि सरांसमोर “काय गार आहे!” म्हणायचं, असा केंद्राचा रिवाज. मंडळी जमली. कार्डं टेकली. पेटी एकदाही घुमली नाही, मीटर ढिम्म. बाटल्या कोरड्या अंगानं भराभर बाहेर आल्या, भराभर उघडल्या गेल्या.

“काय गार आहे!” हिशेबनीस सुलभा पागे म्हणाल्या.

“अगदी बर्फ!” कुणीतरी मागून साथ दिली.

शर्वाणीबाईंनी सुलभाताईंच्या हातातल्या बाटलीला बोट लावून पाहिलं. मग वही मिटली. “तीन आठवडे तुम्ही सगळे कोमट ताक पिताय. शीतन केंद्रात. आणि एकाचीही तक्रार नाही?”

कुणी खोकलं. मुल्लाभाईंची बाटली पूर्वी मोटरसायकलच्या सीटवर उन्हात ठेवलेली असायची, सुलभाताईंची शालीत गुंडाळलेली, यमुनाताईंची गरम ट्रान्सफॉर्मरवर. प्रत्येकाला वाटे, आपलं हे पाप आपल्यालाच माहीत.

“नियम असा आहे,” शर्वाणीबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. “वीज कमी झाली, पण लोकांना हवं ते मिळालं नाही, तर पेटी नापास. हवं तेच मिळालं, तर पास. तेव्हा गार नको होतं, असं वापरणाऱ्यांपैकी कुणीतरी माझ्याकडे नोंदवायला हवं. एकानं सांगितलं तरी पुरे.”

मंडळी बाटल्यांवरची अक्षरं वाचू लागली. ज्या माणसानं बत्तीस वर्षं गारव्यापायी घालवली, प्रत्येकाला इथे हाताला धरून आणलं, त्याच्या तोंडावर हे कसं सांगायचं? यमुनाताईंना बसस्थानकांवरच्या अकरा हजार पेट्या दिसत होत्या आणि त्यांच्यापुढे चष्मा पुसत उभे असलेले सर दिसत होते. प्रकल्प गेला तर एक वेळ जाऊ दे. पण आता बोललं नाही, तर आपण चार वर्षं बनवलेली ही शहाणी पेटी खोटी ठरेल. ज्याला जे हवं तेच तिनं दिलं होतं. तोंडानं मागायची कुणाची छाती झाली नव्हती, तरी दिलं होतं.

“सर,” त्या पुढे झाल्या, “रागावू नका. मला…”

“थांबा, यमुनाताई.” सरांनी हात वर केला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हातातली कोरडी बाटली घटाघटा रिकामी केली. त्यांचे कान लाल झाले होते, पण चेहऱ्यावर शाळा सुटल्यासारखं हसू पसरत चाललं होतं.

“लिहून घ्या, मॅडम. दिगंबर आठल्ये, वय एकसष्ट. मला गार प्यायला आवडत नाही. कधीच आवडलं नाही.”