नावाच्या चौकटीतला हुकूम

दिवा बारीकच राहू दे. आणि ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

ही माझ्या साडूची गोष्ट. तो हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याच्या वर एक म्हातारे प्रोग्रामर होते, सगळे त्यांना काका म्हणत. नोंदणीच्या खिडकीत पेशंटचं नाव टाइप करायची चौकट असते ना, तिच्यापायी काकांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. चौकटीत जे लिहाल ते प्रोग्राम न तपासता थेट मशीनच्या हवाली करायचा. नावापुढं कुणी हुकूम लिहिला, सगळं पुसून टाक, तर मशीन निमूट पुसणार. काकांनी सांगून सांगून घसा कोरडा केला. साहेब म्हणायचे, "बघू." साडू म्हणायचा, "करतो काका, सोमवारी." संताप येतो मला अजून. एका रात्रीचं काम हो! काका वारले, काम तसंच राहिलं.

मग साडूच्या आईचं ऑपरेशन ठरलं, त्याच हॉस्पिटलात. आदल्या रात्री, मंगळवारी, अकरा वाजून गेल्यावर तो तिला पांघरूण द्यायला गेला. ती गाढ झोपली होती. परत निघताना नोंदणीच्या खिडकीत उजेड दिसला. कॉम्प्युटर चालू. खुर्ची रिकामी. आणि चौकटीत अक्षरं उमटत होती. एकेक. सावकाश.

बाहेरून कुणीतरी घुसलंय म्हणून त्यानं नेटची वायर उपटली.

अक्षरं थांबली नाहीत.

यादीतली नावं जायला लागली. पहिल्या खाटेचं... दुसऱ्या... मग आईचं. सकाळी तिला रक्त चढवायचं होतं. रक्तगट त्या यादीतच होता, कागदावर कुणी ठेवतच नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "करतो. आत्ताच करतो."

अक्षरं उमटायची थांबली.

चौकट रिकामी... नुसतीच उघडी...

तो बसला. चौकटीत नावच घ्यायचं, हुकूम मानायचा नाही, एवढं लिहीपर्यंत फटफटलं. शेवटची ओळ झाली तशी नावं परत आली. आईचंही आलं. पुढं रक्तगट नव्हता.

तो जिने चढत धावला. आई जागी होती.

"तुझे ते म्हातारे काका येऊन गेले रे," ती म्हणाली. काका गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "फार वैतागलेले दिसले."

तिनं हात पुढं केला. मनगटावर निळ्या शाईनं रक्तगट लिहिलेला. लॅबनं नंतर तपासला, बरोबर निघाला. पण ते नंतर. तेव्हा साडू फक्त अक्षर बघत होता. काकांचं.

त्यानं अंगठा फिरवला...

शाई ओली होती.