चोविसावं पान

"एकवीस... बावीस... तेवीस! मामा, आता चोविसावं देऊ?"

मृणालीच्या चिमट्याच्या टोकाला पितळेचं एक पान थरथरत होतं. तांदळाच्या दाण्याएवढंच! पण भिंगातून पाहिलं की त्याची मधली शीर दिसे आणि शिरेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा रेघा. मृणालीने श्वास रोखला. जरा जोरात फुंकर बसली असती, तरी ते उडून गेलं असतं.

"नाही," धम्मपालमामा म्हणाले. "ते लावायचं नाही."

"का? पप्पा, तिकडे एक जागा रिकामी दिसतेय!" प्रशील काठीच्या पितळी टोपणावर वाकला.

"दिसू दे. ती शोधायला तुझ्यासारखी घार लागते."

नशिराबादहून मृणाली सुट्टीला धुळ्यात, देवपूरला मामांकडे आली होती. मामा सिनेमासाठी हुबेहूब वस्तू बनवत. रबराच्या तलवारी, कागदी लगद्याचे मुकुट, बंदुका. त्यांवरची धातूची बारीक नक्षी मात्र खऱ्या पितळेची. या वेळी काम होतं एका काठीचं. पूर्वी पायी टपाल नेणाऱ्या हरकाऱ्याच्या हाती घुंगरांची काठी असे. देवपुरातल्याच झुलाल आबांच्या पणजोबांची तशी काठी त्यांच्या घरात अजून होती. सिनेमात हरकारा शेवटी ती खडकावर आपटून मोडतो. मोडायची म्हणून नक्कल हवी.

मामांनी गंजलेला बिस्किटांचा डबा उघडला. आत कागदाच्या पुड्या होत्या. एकीत तलवारीचा खिळा, एकीत मुकुटातला मोती.

"प्रत्येक नकलेतून मी एक गोष्ट गाळतो. खऱ्या काठीवर चोवीस पानं आहेत, आपल्या काठीवर तेवीस. माझ्या गुरूंनी सांगितलं होतं, नक्कल इतकी चांगली कर की जग फसेल, आणि इतकी प्रामाणिक कर की तू फसणार नाहीस."

मृणाली डब्याकडे पाहतच राहिली. न लावलेल्या वस्तूंचा डबा! तिने पान आत ठेवायला हात पुढे केला.

"अंहं! हा डबा फक्त मी भरतो. पान राहू दे तुझ्याजवळ, उद्या बघू."

मग मामांनी नवंकोरं टोपण मीठ आणि व्हिनेगरच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फडकं सोडलं, तेव्हा मृणालीने आधी भिंग उचललं. पितळ काळवंडलं होतं, पानांच्या खाचांत हिरवट झाक उतरली होती. शंभर वर्षं एका रात्रीत चढली होती!

आबांची एकच अट होती. नक्कल सिनेमावाल्यांकडे जाण्याआधी एक रात्र त्यांच्या घरी, खऱ्या काठीशेजारी राहायची. मामा संध्याकाळी ती तिथे ठेवून आले.

तिसऱ्या दिवशी पहाटे मामा कामासाठी जळगावला गेले, आणि फोन चार्जिंगलाच विसरून गेले!

"उजेडात खरी काठी पाहून येऊ या," मृणालीने टुमणं लावलं.

"ताई, तू काठीशी लग्नच कर!" प्रशीलची धाकटी बहीण समीक्षा म्हणाली. पण चप्पल सगळ्यात आधी तिनेच घातली.

तिघं आबांच्या घरी पोचली, तेव्हा आबा शेतात गेले होते. त्यांच्या पत्नी, भिकुबाई आजी, ओट्यावर लसूण सोलत होत्या. डोळ्यांनी त्यांना अंधूकच दिसे.

"काठी खाटवर शे, देखा!" त्या म्हणाल्या. "सिनेमावाला पाव्हना आता त्यानी काठी लई गया."

मृणालीने काठी उन्हात आणली. हेच ते पणजोबांचं टोपण! किती डोंगर, किती नद्या पाहिल्या असतील याने! ती हळूहळू पानं मोजू लागली, आणि थांबली. पुन्हा मोजली.

"तेवीस."

"चुकली असशील," प्रशील म्हणाला.

"तू मोज!"

त्याने मोजली. मग समीक्षाने मोजली. तेवीस! रिकाम्या जागेवर मृणालीने बोट ठेवलं.

"ही आपली आहे. खरी काठी गेली!"

"असं कसं? आपली काळपट, खरीही काळपट. मग न विचारता त्याने उचलली कशी?" प्रशील म्हणाला.

भिकुबाई आजींचा हात थांबला. "काळपट कसाले ऱ्हाई? मी काल रातले चिंच लायीसन आमनी काठी बठ्ठी घासी ना! पाव्हना येनार व्हता, घरमा काळं भांडं कोनी दखाडस का?"

खरी काठी नव्यासारखी लखलखत होती आणि नवी काठी शंभर वर्षांची दिसत होती!

"आजी, तुम्ही त्याला सांगितलं नाही, कुठली कुठली?"

"मी हात लायीसन सांगनार व्हती. तो म्हणे, ऱ्हाऊ द्या आजी, माले समजस."

"अहो, पण आज काठी मोडायची आहे! खडकावर!" मृणाली ओरडली.

तो पाहुणा म्हणजे सिनेमाचा व्यवस्थापक जितेंद्र. त्याला आजींच्या फोनवरून फोन लावला. बंद! तेवढ्यात आबा शेतातून आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"मन्हा पंजोबानी काठी शे ती," एवढंच ते म्हणाले.

पाच मिनिटांत आबांना आणि मुलांना घेऊन शेजारच्या रुपचंदभाऊंची रिक्षा शूटिंगच्या जागी, लळिंगच्या डोंगराकडे, धावत होती. मृणालीच्या मांडीवर नक्कल होती. प्रत्येक खड्ड्याला तिचे घुंगरू वाजत.

"भाऊ, आणखी जोरात!"

"बाई, रिक्षा आहे, रॉकेट नाही!"

डोंगराच्या पायथ्याशी दोर बांधला होता. पलीकडे फेटा बांधलेला नट खडकापुढे उभा होता. त्याच्या हातातलं टोपण उन्हात नुसतं झळकत होतं.

"आत जायचं नाही," पहारेकऱ्याने अडवलं. "शूट सुरू आहे!"

"काका, ती काठी खरी आहे!"

"सकाळपासून प्रत्येक जण मला काहीतरी खरंच सांगतोय. गप्प!"

दिग्दर्शिका दिपमाला मॅडमचा आवाज आला, "शांतता! आपल्याला घुंगरांचा आवाज स्वच्छ हवाय!"

नटाने काठी डोक्यावर उचलली. आता ओरडलं, तर पहारेकरी तोंड दाबणार. दोराच्या आत दहा पावलांवर हेडफोन लावलेला ध्वनिमुद्रक मात्र डोळे मिटून ऐकत होता. आणि तो ऐकत होता घुंगरू! मृणालीने हातातली काठी उंच धरली आणि सगळ्या ताकदीने हलवली.

छन्न! छन्न! छन्न!

"कट! कट!" ध्वनिमुद्रक उडालाच. "हे दुसरे घुंगरू कुठून आले?"

सगळ्यांच्या माना वळल्या. जितेंद्र धावत आला. "ए पोरांनो, चला निघा! मॅडम, यांची काठी जुनाट, आपली चकचकीत. कुठली खरी, हे शेंबडं पोरही सांगेल!"

"मग शेंबड्या पोरांनाच मोजू द्या की!" समीक्षा म्हणाली.

खांदा चोळत नट पुटपुटला, "मी मघाशीच म्हणत होतो, नकलेच्या मानाने जडच आहे!"

मृणालीने चिंचेची, मिठाची आणि गाळलेल्या पानाची हकिकत एका दमात सांगितली. दिपमाला मॅडमनी भिंग मागवलं. लखलखत्या टोपणावर चोवीस पानं, काळपट टोपणावर तेवीस. जितेंद्रने खाली पाहिलं.

आबांनी खरी काठी दोन्ही हातांनी घेतली आणि छातीशी धरली. घुंगरू बारीक वाजले.

मग नटाने नक्कल उचलली. एका फटक्यात ती मधोमध मोडली. आत कोरं पांढरं लाकूड! दोन दिवस श्वास रोखून लावलेली पानं खडकावर विखुरली. मृणालीची नजर हटली नाही. काठी मोडताना सगळ्या युनिटचे चेहरे पडले होते, जणू पणजोबांचीच मोडली. पहारेकऱ्याने तर डोळे पुसले!

"टाळ्या या मुलांसाठी!" मॅडम म्हणाल्या. "मोठ्यांनी पाहिलं, यांनी मोजलं."

संध्याकाळी मामा आबांच्या घरी धावतच आले. "दोन काठ्या शेजारी ठेवल्या आणि चिठ्ठी लावली नाही. चूक माझी!" ते म्हणाले. जितेंद्रही आजींच्या पाया पडून गेला.

"पोरी, तुन्हा डोया नै, भिंग शे भिंग!" आबा मृणालीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले.

"आते परत घासू का?" आजींनी चिंचेची वाटी उचलली.

"नको!" पाच जण एकदम ओरडले.

घरी आल्यावर मामांनी गंजलेला डबा मृणालीसमोर ठेवला आणि हात मागे घेतले.

"उघड," मामा म्हणाले.

तिने दप्तरातल्या वहीतून ते पितळी पान काढलं, कागदात ठेवलं आणि वर तारीख लिहिली. मग श्वास रोखून पुडी डब्यात ठेवली, खिळ्याच्या आणि मोत्याच्या मधोमध.