उजवीकडचं मीठ

दर्शनाच्या घरात दोन वस्तूंना दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. एक माहेरून आणलेला घावनं घालायचा बिडाचा तवा आणि दुसरा सेकंडहँड कॅमेरा. डिलाईल रोडच्या चाळीतली दीड खोली, खिडकीत ऊन यायचं ते अकरा ते साडेबारा. तेवढ्यात ताट मांडायचं, सावली उजळायला थर्माकोलचा तुकडा उभा करायचा आणि वर स्टँडला कॅमेरा लावायचा. मजला लाकडी, पाऊल टाकलं तरी फोटो हलायचा. म्हणून दर दहा सेकंदांनी एक फोटो निघेल असं लावून ती गॅलरीत जाऊन उभी राही, आणि नंतर पहिले दोन-तीन फोटो ठेवून बाकीचे न बघताच पुसून टाकी.

ताट मात्र सासूबाईंचं होतं. लक्ष्मीबाईंच्या लग्नातलं, पितळी, काठावर त्यांचं नाव कोरलेलं. फोटोत ती अक्षरं अशी खुलायची की दर्शनाने अख्खं पुस्तक त्या एका ताटावर बेतलं. हो, पुस्तकच. इरावती नावाच्या संपादिकेने शनिवारपर्यंत वीस मालवणी पदार्थ मागितले होते. लग्नाला अकरा वर्षं झाली, पहिल्यांदाच काहीतरी तिच्या एकटीचं होणार होतं. या संधीसाठी ती जीव तोडून राबत होती.

आणि नेमकं तेव्हाच ताटातलं कमी व्हायला लागलं.

आधी भाताच्या मुदीला एका बाजूने खड्डा पडला. दुसऱ्या दिवशी कोलंबीच्या रश्शाची वाटी अर्ध्यावर आली. खोलीत सासूबाईंशिवाय कुणी नव्हतं. दर्शनाचं डोकंच फिरलं. एरवी फोटोंच्या नावाने नाक मुरडायचं आणि पाठ वळली की ताव मारायचा!

"आई, भूक लागली तर मागा ना. फोटोच्या ताटातलं कशाला खाता?"

लक्ष्मीबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. "त्या ताटाक मी हात लावीन? मीठ खंय वाढलंस ता बघ."

मीठ उजवीकडे होतं. तर्री चमकायला हवी तर वाट्या उजेडाकडे, डावीकडे ठेवाव्या लागत. मीठ-लिंबू आपसूक पलीकडे गेलं होतं.

"गेलेल्या माणसाक असा वाढतत," म्हातारी म्हणाली. "नि वाढून जेवूक कोण बसत नाय. वर ताट माझ्या नावाचा."

दर्शनाला तो टोमणा वाटला. रात्री तिने वैभवकडे विषय काढला. तो आईचा लाडका, पण बायकोचं पुस्तकही त्याला हवं होतं. "चार दिवस शिवडीला सोडतो आईला, लतिकाकडे," तो म्हणाला. "तुझं काम होऊ दे, यार."

लक्ष्मीबाई पिशवी घेऊन लेकीकडे गेल्या. दर्शनाला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

त्यानंतरही ताट रोज उणं होतच राहिलं. आता मांजर असेल, उंदीर असेल, शेजारणीकडे दुसरी चावी असेल, तिने एकेकावर संशय घेऊन पाहिला. शुक्रवारी शेवटचा पदार्थ होता, बांगड्याचं तिखलं. तिने खिडकीची जाळी बांधली, ताट मांडलं, दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि अर्धा तास त्याच दाराला पाठ टेकून उभी राहिली. आतून हूं की चूं ऐकू आलं नाही.

मग आत जाऊन तिने एकेक फोटो पाहिला.

पहिल्यात ताट भरलेलं.

आठव्यात भात कालवलेला.

विसाव्यात बांगड्याचा काटा एका बाजूला, नीट काढून ठेवलेला.

हात कुठल्याच फोटोत नव्हता.

कॅमेरा तसाच टाकून तिने टॅक्सी पकडली. म्हातारीवर आळ घेतला होता, त्याची आधी माफी मागायची होती.

लतिकाने दार उघडलं. "वहिनी, बरं झालं आलीस. आई आल्यापासून एक घास घेत नाहीये गं. पोट भरलंय म्हणते."

लक्ष्मीबाई पलंगावर बसल्या होत्या. चेहरा छान टवटवीत. दर्शनाने वाकून पायांना हात लावला. पाय गार होते.

"आई, माझं चुकलं. घरी चला."

त्यांनी तिच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला.

"सगळा बरा केलंलंस गो," त्या म्हणाल्या. "फक्त आज तिरफळा घालूक इसारलंस."

दर्शना तशीच वाकून राहिली. निवडलेल्या तिरफळांची वाटी खरंच ओट्यावर राहिली होती.