बांधावरची फेरी

औशापासून सात-आठ किलोमीटरवर ग्यानोबांचं चार एकर काळं रान. यंदा त्यात हरभरा होता. घाटे भरत आले होते आणि राखायला पहिल्यांदाच ग्यानोबा नव्हते. दिवाळीनंतर आठव्या दिवशी, चहाची कपबशी हातात असतानाच ते गेले. वय पंच्याहत्तर.

त्यांची सून शिवकांता गावच्या अंगणवाडीत शिकवते. लग्न होऊन आली तेव्हा ती बारावी नापास होती. ग्यानोबांनीच तिला पुन्हा फॉर्म भरायला लावला, दर पेपरला औशाला नेलं आणि तिन्ही तास शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले.

"मामा, सावलीत बसायचं की," ती म्हणायची.

"बसलं की झोप लागती, पोरी."

एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या गुडघ्यात लोखंडाचा तुकडा शिरला होता. तो शेवटपर्यंत आतच राहिला. लढाईचं विचारलं, तर तिथल्या थंडीचं आणि फौजेतल्या पांचट डाळीचं तेवढं सांगायचे. पिकात शिरणाऱ्या रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, त्यांनी कधी दगड मारला नाही. कळप आला की गुडघा ओढत बांधावरून एक फेरी मारायची, बस्स. "माणूस हाय, एवढं कळलं त्यान्ला, तरी लई झालं."

जानेवारीत शेजारच्या अमरनाथचा हरभरा रोह्यांनी खाऊन तुडवून टाकला. पलीकडच्या गुरुलिंगअप्पांचाही. मधलं ग्यानोबांचं रान तेवढं शाबूत.

"नशीब," शिवकांताचा नवरा दयानंद म्हणाला.

शिवकांता बघायला गेली. अमरनाथच्या ओल्या रानातून खुरांचे ठसे सरळ बांधापर्यंत आले होते. तिथं एका ओळीत थांबले होते आणि मागं फिरले होते. पाच दिवसांनी पुन्हा तसंच.

"वहिनी, कसलं औषध मारलंय?" अमरनाथनं विचारलं.

"काहीच न्हाई."

"मग राखतंय कोण?"



दयानंदनं कुंपणाच्या तारांत वीज सोडणारं झटका मशीन आणायचं ठरवलं. तारा बांधावरूनच जाणार होत्या.

"थोडं थांबा की," शिवकांता म्हणाली.

"कशापायी?"



तो मशीन आणायला औशाला गेला त्या दिवशी चारच्या सुमारास ती एकटीच रानात गेली. ऊन अजून तापत होतं. अमरनाथच्या रानात सहा रोही उभे होते, बांधापासून हातभर अंतरावर. ती बांधावरच होती, पण त्यांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

ते बांधाच्या पार दुसऱ्या टोकाकडे बघत होते.

टोकाला कुणीच नव्हतं. वारं पडलेलं. हरभऱ्याचं एक पानही हलत नव्हतं.

मग सहाही माना एकदम वळू लागल्या. हळूहळू, डावीकडून उजवीकडे. मध्येच किंचित अडखळायच्या, पुन्हा सरकायच्या. पाय ओढत चालणाऱ्या माणसाकडे बघावं तशा.

माना तिच्या दिशेनं वळत होत्या.

शिवकांताला पळावंसं वाटलं नाही. नंतर तिला त्याचंच नवल वाटलं. 

सहाही नजरा बांधावर तिच्यापासून दोन पावलांवर येऊन थांबल्या.

बांध अरुंद, एकाच माणसापुरता. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि वाट देत खाली हरभऱ्यात उतरली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग रोह्यांच्या माना तिला ओलांडून पुढं सरकल्या.