सतरा मिनिटांची शटल

ती शटलमध्ये पहिल्यांदा चढली ती घाईत, आणि चुकीच्या दारानं. उतरायच्या दारानं चढणाऱ्याला ड्रायव्हरनं दोन शब्द सुनवायचे असतात. या ड्रायव्हरनं मात्र आरशात पाहिलं. तिच्या हातातलं पॅड दिसलं, गळ्यातलं स्टॉपवॉच दिसलं, आणि तोंडाशी आलेले दोन्ही शब्द त्यानं गिळून टाकले.

"पार्कला ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"एकट्याच?"

"कामाला."

"मग बरोबर," तो म्हणाला. "मजा करायला जाणारं माणूस सकाळी सकाळी एवढं गंभीर नसतं."

ती पुढच्या एकट्या सीटवर बसली, गाडी हलली तसं स्टॉपवॉचचं बटण दाबलं आणि खिडकीबाहेर पाहायला लागली. पण कान लाल झाले होते, आणि आरसा मोठा होता.

आता तिचं काम काय, ते सांगायला हवं. पार्क अवाढव्य. आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, उलटंपालटं करून सोडणारी गाडी, सगळं होतं. तक्रारी मात्र या कशाच्याच नव्हत्या. लोक चिडायचे ते पार्कात पोचण्यावरून. कार घेऊन येणारा पार्किंगच्या शेवटच्या टोकाला गाडी लावून, पोरं कडेवर घेऊन फाटकापर्यंत चालत यायचा तोवर अर्धा दमलेला असायचा. मेट्रोनं येणारा दोनदा गाडी बदलायचा आणि शेवटच्या चौकात वाट विचारत उभा राहायचा. तिसरी ही शटल, रेल्वे स्टेशनपासून थेट फाटकापर्यंत. पार्कच्या चौकशी विभागात ती नोकरीला होती, आणि कुठल्या वाटेनं खरोखर किती वेळ लागतो ते स्वतः जाऊन मोजायचं काम तिच्यावर आलं होतं. प्रत्येक वाट दहा दिवस. कार झाली, मेट्रो झाली. शटल उरली होती, रोज सकाळची नऊ वाजून दहा मिनिटांची एकच फेरी.

शटलच्या मोजणीला एक शेपूट होतं. सरासरी वीस मिनिटांच्या आत आली तर शटल चालू राहणार, नाहीतर बंद. मग तिच्या सहाही ड्रायव्हरांची रवानगी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मालवाहू गाड्यांच्या डेपोत. आणि हे त्यांना सांगायचं नाही, असा विभागाचा नियम होता. सांगितलं तर दहा दिवस सगळेच गाड्या उडवत नेतील, मग मोजून उपयोग काय? ती नाकासमोर चालणारी मुलगी. नियम म्हणजे नियम.

पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी चोवीस. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "रोज लिहिता काय? माझ्या तक्रारी?"

"तुम्ही तक्रारीसारखं काही करता का?"

"प्रयत्न करतो. जमत नाही."

ती हसली, आणि हसल्याचा तिला स्वतःलाच राग आला. चौथ्या दिवशी तिला कळलं की तो घरी आई आणि धाकट्या बहिणीबरोबर राहतो, आणि सात वर्षं रोज पार्कच्या फाटकापर्यंत जाऊनही त्यानं आत पाऊल टाकलेलं नाही.

"का?"

"फाटकाशी फक्त दहा मिनिटं थांबतो. तेवढ्यात काय बघणार... आणि एकट्यानं पाळण्यात बसणं बरं दिसत नाही."

हे म्हणताना त्यानं आरशात पाहिलं नाही. ते तिच्या लक्षात आलं, म्हणजे ती आरशात पाहत होती.

पाचव्या दिवशी सव्वीस मिनिटं. सहाव्या दिवशी पुन्हा सव्वीस. पॅडवर आकडा लिहिताना आता तिचा हात जड व्हायचा. हा माणूस एवढा सरळ, एवढा हसतमुख, आणि तिच्याच पेनानं तो डेपोत जाणार होता. तिनं कारणं शोधायला घेतली. पुलाखाली खोदकाम चालू आहे का? नाही. सिग्नल बिघडलेत? नाही. सकाळी नऊ दहाच्या फेरीला गर्दी जास्त? तीही नाही.

सातव्या दिवशी तिला ताप भरला. तिच्या जागी विभागातला चष्मेवाला सहकारी गेला आणि संध्याकाळी त्यानं फोन केला. "सतरा मिनिटं."

"नीट मोजलंस?"

"दोनदा मोजलं. येताना पण सतरा."

ती फोन धरून तशीच बसली. वहिनीनं कपाळाला हात लावून पाहिलं. "ताप तर उतरलाय. मग चेहरा असा का?" तिनं काही नाही म्हणून सांगितलं. वहिनीला ते पटलं नाही, पण वहिनी शहाणी होती, उठून चहा ठेवायला गेली.

आठव्या दिवशी ती गेली. सव्वीस मिनिटं.

त्या दिवशी दुपारी ती स्टेशनच्या थांब्यावर परत आली आणि शटलना हिरवी झेंडी दाखवणाऱ्या मावशींपाशी उभी राहिली. मावशी वीस वर्षं ते काम करत होत्या. कुठली गाडी किती वाजता फाटकाला टेकली ते त्यांना तिकडून फोनवर कळायचं.

"मावशी, नऊ दहाची फेरी एवढी उशिरा का पोचते हो?"

मावशींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. अगं, तू नसलीस की तो सतरा मिनिटांत पोचतो. तू असलीस की गाडी मुंगीच्या पावलांनी जाते. आम्हा सगळ्यांना माहितीये. तुलाच तेवढं ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी फाटकाशी रिकामी झाली, तरी ती उतरली नाही. आत पाळण्यावरच्या लोकांची किंकाळी उठली, विरली, पुन्हा उठली.

"मी असताना तुम्ही गाडी हळू चालवता," ती म्हणाली.

"नियमानं चालवतो," तो म्हणाला. "पिवळा दिवा लागला की थांबतो. रस्ता ओलांडणाऱ्याला वाट देतो. बाजूच्या कारला आधी जाऊ देतो."

"आणि मी नसताना?"

"तेव्हाही नियमानंच. फक्त... सगळ्यांना एवढा मान देत बसत नाही."

"का पण?"

त्यानं स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसली. "पहिले दोन दिवस भीतीनं. वाटलं, तपासणीला आलात, एक चूक सापडली की लिहिणार."

"आणि नंतर?"

"नंतर..." तो थांबला. "नंतर सतरा मिनिटं कमी पडायला लागली."

याला कुणीतरी सांगायला हवं होतं की, बाबा, तू रोज सकाळी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो आहेस. सांगणारी एकटी तीच होती, आणि तिनं सांगायचं नव्हतं. "मला उतरायचंय," एवढंच ती म्हणाली. त्यानं दार उघडलं. ती उतरली, आणि मागं वळून पाहिलं नाही. वळली असती तर सगळं सांगून बसली असती.

ती तडक मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, कागदाशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारी बाई.

"शटलचे माझे सगळे आकडे रद्द करायला हवेत," ती म्हणाली.

"कारण?"

स्टॉपवॉच बिघडलं होतं, असं सांगता आलं असतं. वाटेत तिनं ते वाक्य पाठही करून ठेवलं होतं. ऐन वेळी ते जिभेवर येईना.

"गाडीत मी असते, म्हणून गाडी हळू जाते."

मॅडमनी चष्मा काढला. "तुमचं वजन एवढं आहे?"

"ड्रायव्हरला मी आवडते, मॅडम. मी लवकर उतरू नये म्हणून तो... आणि ही मोजणी कशासाठी आहे, ते त्याला माहीत नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला माहितीये ना, मीच तर मोजते."

"ते नाही विचारलं मी."

मग तिनं तेही सांगितलं. आवाज लहान निघाला, पण शब्द स्पष्ट होते. मॅडमनी कोरा कागद पुढं सरकवला. "लेखी द्या. आकडे तोंडी रद्द होत नाहीत."

तिनं चार ओळी लिहिल्या, सही केली. मोजणी पहिल्यापासून सुरू झाली, चष्मेवाल्याच्या हातून. तिनं मात्र त्या दहा दिवसांत शटलमध्ये पाय ठेवायचा नाही आणि ड्रायव्हरशी एक अक्षर बोलायचं नाही, असं ठरलं.

दहा दिवस ती मेट्रोनं गेली. दोनदा गाडी बदलून, शेवटच्या चौकातून चालत. माणसाच्या मनातलं ऐकून घ्यायचं आणि काही न बोलता नाहीसं व्हायचं... त्यानं काय समजायचं? चष्मेवाला रोज आकडा सांगायचा. सतरा. सतरा. सोळा. एकदा तो आपणहून म्हणाला, "तुझा ड्रायव्हर हल्ली बोलत नाही कुणाशी." ती जेवता जेवता थांबली, आणि डबा तसाच बंद केला.

अकराव्या दिवशी शटल चालू ठेवायचा निर्णय कागदावर आला. मॅडमनी त्याची एक प्रत तिच्या हातात दिली. "जा. ही ड्रायव्हरांना दाखवायला हरकत नाही आता."

बाराव्या दिवशी नऊ वाजता ती थांब्यावर होती. चढायच्या दारानं चढली. त्यानं पाहिलं आणि नजर रस्त्याकडं वळवली.

"बसा," तो म्हणाला. "आता वेळेत पोचवतो. त्या दिवशी बोललो ते चुकलं. विसरून जा."

तिनं कागद त्याच्यासमोर धरला. त्यानं वाचला, पुन्हा वाचला. शटल, सरासरी, वीस मिनिटं, डेपो... एकेक शब्द त्याच्या डोक्यात उतरत गेला तसा त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

"म्हणजे मी... माझीच नोकरी? रोज? आपल्या हातानं?"

"आपल्या हातानं. बाकी पाच जणांचीही."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"मला बोलायची परवानगी नव्हती. म्हणून आकडे रद्द करून घेतले. म्हणून आले नाही."

"आकडे असे रद्द होतात?" त्याला ते खरं वाटेना. "काय कारण दिलंत?"

मॅडमसमोर निघालेले शब्द आता निघेनात. मागं तीन मुलं घेऊन बसलेली एक बाई घड्याळ बघायला लागली.

"तुम्हाला मी आवडते, असं दिलं," ती म्हणाली. "आणि मला तुम्ही आवडता, म्हणून माझे आकडे धरू नयेत, असंही."

तो तिच्याकडं बघतच राहिला. "हे तुम्ही साहेबांना सांगितलंत?"

"लेखी दिलंय. खाली सही आहे माझी."

"सही," तो म्हणाला.

"अहो," मागून ती बाई म्हणाली, "सही झाली असेल तर निघूया का? पोरं पहाटेपासून उठलीत."

त्यानं दार लावलं. ती पुढच्या सीटवर बसली. मावशींनी झेंडी दाखवली आणि गाडी निघाली.